जुन्या स्टुडिओ हेडफोनचे इअर पॅड बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायरडायनॅमिक डीटी ७७०, सोनी एमडीआर-७५०६, एकेजी के२४०, सेनहायझर एचडी २५ आणि एचडी ६००, ऑडिओ-टेक्निका एम५०. स्टुडिओत, डबिंगच्या खोलीत, घरच्या रेकॉर्डिंगच्या टेबलावर हे हेडफोन वर्षानुवर्षं चालतात. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, शाबूत असतो, वायर शाबूत असते, पण कानाच्या गाद्या मात्र झिजतात. पुष्कळ जण या अवस्थेत हेडफोन 'गेला' म्हणून कपाटात टाकतात. खरं तर वीस मिनिटांचं काम असतं.

पुढे काही शब्द पुन्हा पुन्हा येतील. 'वाटी' म्हणजे कानावर बसणारं प्लास्टिकचं घर. 'प्लेट' म्हणजे वाटीच्या तोंडावरची, ड्रायव्हर बसवलेली चकती. 'झालर' म्हणजे पॅडच्या मागच्या बाजूला आत वळलेली पातळ रेक्झिनची किंवा कापडाची पट्टी. ती प्लेटच्या कडेवरून ताणून मागच्या खाचेत बसते आणि बहुतेक स्टुडिओ हेडफोनचे पॅड नुसत्या तेवढ्यावर टिकून असतात.

पॅड बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

कानाला काळे पापुद्रे चिकटायला लागले की वेगळं सांगावं लागत नाही. पण वेलूरच्या, म्हणजे मखमलीसारख्या पॅडचे पापुद्रे निघत नाहीत, म्हणून ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यांची परीक्षा बोटाने करा. पॅड दाबून सोडला आणि तो वर यायला आळस करत असेल, किंवा मुळातच पोळीसारखा चपटा झाला असेल, तर आतला स्पंज संपला. दुसरी खूण : हेडफोन घातल्यावर कानाची पाळी आतल्या कडक प्लेटला टेकते आणि अर्ध्या तासात दुखायला लागते. तिसरी खूण आवाजाची. बंद पाठीच्या, म्हणजे वाटीची बाहेरची बाजू पूर्ण बंद असलेल्या हेडफोनवर बास (खालचे, जाड स्वर) चालू ठेवून दोन्ही वाट्या तळहाताने हलक्या दाबा. दाबल्यावर बास एकदम भरून येत असेल, तर एरवी कडेने हवा गळते आहे.

मी हेडफोन फार वापरलाच नाही, डब्यात ठेवला होता. तरी रेक्झिन कसं सोललं?

कारण वापर हे निम्मंच कारण आहे. काळं 'लेदर' म्हणून जे दिसतं ते बहुधा कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. त्यातल्या स्वस्त आणि मऊ प्रकारात एस्टरचे बंध असतात, आणि हवेतलं पाणी हे बंध हळूहळू तोडतं. तुटताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने करतं. म्हणूनच पॅड पाच-सहा वर्षं छान दिसतो आणि मग एका पावसाळ्यात सगळा गळून पडतो. कपाटात नीट ठेवलेल्या बुटांचा तळवा एके दिवशी चालता चालता भुगा होऊन पडतो ना, तोच हा प्रकार.

मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात हे लवकर होतं. विदर्भ-मराठवाड्यात ओल कमी, पण उन्हाळ्याची उष्णता तीच क्रिया वेगाने करते. वर घाम, खोबरेल तेल आणि सॅनिटायझरचं अल्कोहोल. विशेषतः तेल थराच्या चिरांमधून आत शिरतं आणि थर कापडापासून सुटा करतं.

काही पॅड पीव्हीसीचे असतात. ते सोलत नाहीत. त्यांच्यातला मऊपणा देणारा द्रव बाहेर झिरपतो, पॅड आधी चिकट होतो, मग कडक होतो आणि शिवणीजवळ तडकतो.

पॅड बदलल्याने आवाज बदलतो का? मला तर फक्त गादी बदलायची आहे.

बदलतो, आणि हे लक्षात न घेता खरेदी करणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. पॅड ही नुसती गादी नाही, हेडफोनच्या रचनेचा तो भाग आहे. तीन गोष्टी त्याच्या हातात असतात.

पहिली, हवाबंदपणा. बंद हेडफोनमध्ये कान, पॅड आणि प्लेट मिळून एक छोटी बंद पोकळी होते. ड्रायव्हर त्या पोकळीतली हवा दाबतो, म्हणून खालचे स्वर ऐकू येतात. कडेला आगपेटीच्या काडीएवढी फट राहिली तरी ६०-७० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) खालचा भाग झपाट्याने उतरतो. चष्म्याची जाड काडीही असाच त्रास देते.

दुसरी, ड्रायव्हर ते कान हे अंतर. जाड पॅडने कान लांब जातो, चपट्या पॅडने जवळ येतो. दोन-चार मिलिमीटरच्या फरकानेही वरच्या स्वरांतले चढउतार जागा बदलतात. 'स' आणि 'श' टोचू लागतात किंवा दबतात.

तिसरी, पॅडच्या आतल्या भिंतीचं कापड. रेक्झिनची गुळगुळीत भिंत वरचे स्वर परत फेकते, वेलूर आणि जाळीचं कापड ते शोषतं.

गाणी ऐकण्यापुरता हेडफोन असेल तर हा फरक आवडीचा प्रश्न आहे. पण त्याच हेडफोनवर मिक्सिंग, म्हणजे गाण्यातल्या आवाजांचा तोल साधायचं काम, करत असाल तर तुमचं माप बदलतं. गळक्या पॅडवर बास कमी ऐकू येतो म्हणून माणूस तो मिक्समध्ये वाढवतो, आणि तेच गाणं गाडीत लावलं की ढुमढुम ऐकू येतं. म्हणून कामाच्या हेडफोनला मूळ कंपनीचाच आणि मूळ प्रकारचाच पॅड घ्यावा असा आमचा ठाम सल्ला आहे.

माझ्या मॉडेलला कुठला पॅड बसतो? काढायची पद्धत सगळ्यांची सारखीच का?

नेहमीच्या मॉडेलचं असं आहे.

सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१चा, आणि त्याआधीचा एमडीआर-व्ही६ हा १९८५चा. दोघांचा पॅड एकच. लांबट गोल, पातळ, झालरीचा. मूळ पॅड पातळच असतो, तो दबलेला आहे असं समजून जाड पॅड घेऊ नका. या दोघांवर बायरडायनॅमिकचा ईडीटी २५० हा वेलूर पॅड बसवण्याची जुनी पद्धत आहे. तो बसतो, कानाला सुखाचा असतो, पण वेलूरमधून हवा जाते आणि कानाचं अंतर वाढतं, त्यामुळे हेडफोन पूर्वीसारखा वाजत नाही.

बायरडायनॅमिक डीटी ७७०, डीटी ८८०, डीटी ९९० यांचे गोल वेलूर पॅड झालरीचेच. ते एकमेकांवर बसतात, पण मागवताना आपल्या मॉडेलचाच मागवा. ७७०च्या राखाडी वेलूर पॅडचा क्रमांक ईडीटी ७७० व्ही. पॅड निघाला की खालची फोमची चकती सुटी होते, ती जपून ठेवा. प्लेट धरून ठेवणारी प्लास्टिकची रिंग मात्र जागीच राहायला हवी. तिच्याखाली पेचकस घातला तर ती उचकटते.

एकेजी के२४० या नावाचे बरेच हेडफोन आहेत. १९७५च्या 'सेक्स्टेट' आवृत्तीत ड्रायव्हरभोवती सहा छोटे निष्क्रिय (स्वतः न वाजता हवेने हलणारे) पडदे आहेत. पॅड काढल्यावर बोट किंवा काडी त्यांना अजिबात लागू देऊ नका, फाटले तर मिळत नाहीत. नंतरच्या 'मॉनिटर' आणि 'स्टुडिओ' आवृत्त्यांत हे पडदे नाहीत. पॅड सगळ्यांचा झालरीचा.

सेनहायझर एचडी ५८०, ६००, ६५० हे वेगळे. त्यांच्या पॅडच्या मागे प्लास्टिकची चौकट असते आणि ती वाटीत टक् करून बसते. झालर नाही, ताणाताणी नाही. कडेला बोटं घालून सरळ बाहेर ओढायचं, नवा ठेवून चारी बाजूंनी दाबायचं. एका जोडीला दोन मिनिटं.

सेनहायझर एचडी २५चा पॅड कानावरच टेकणारा, लहान आणि झालरीचा. लहान असल्यामुळे ताण जास्त, म्हणून फाटण्याची भीतीही जास्त.

ऑडिओ-टेक्निका एम५० आणि एम५०एक्स यांचे पॅड एकमेकांना चालतात. झालर अरुंद आणि खाच चिंचोळी, त्यामुळे बसवायला या यादीतला सर्वांत हट्टी पॅड हाच.

मॉडेलचं नाव पुसून गेलंय. माप कसं घ्यायचं?

जुना पॅड मोजू नका, तो ताणलेला असतो. पॅड काढून प्लेटची बाहेरची कड मोजा. गोल असेल तर कडेभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी ३.१४ने भागा, व्यास मिळेल. लांबट असेल तर सर्वांत मोठी लांबी आणि सर्वांत मोठी रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. याशिवाय आतल्या भोकाचं माप पाहा. तुमचा कान उभा साधारण ६० ते ६५ मिलिमीटर असेल आणि पॅडचं भोक ५५ असेल, तर पाळी दुमडणार.

विक्रेत्याने पॅडचं बाहेरचं माप दिलेलं असतं, प्लेटचं नाही. झालरीचं तोंड प्लेटपेक्षा थोडं लहान असायलाच हवं, नाहीतर पॅड गळून पडेल. प्लेटएवढंच तोंड असलेला पॅड 'बरोबर बसतो' असं वाटतं, पण तो पहिल्याच आठवड्यात निसटतो.

रेक्झिन, वेलूर, खरं कातडं, जेल, मेमरी फोम. काय घ्यावं?

मूळ जसा होता तसा. तरीही बदलायचंच असेल तर :

वेलूर उन्हाळ्यात सुखाचा, पण बंद हेडफोनवर बास कमी करतो (मुळातच वेलूरसाठी बनवलेला डीटी ७७० याला अपवाद). शिवाय तो धूळ, केस आणि कोंडा धरून ठेवतो. मेंढीचं कातडं टिकाऊ आणि हवाबंद, पण दमट हवेत न पुसता ठेवलं तर बुरशी येते. 'प्रोटीन लेदर' हे नाव ऐकून कातडं समजू नका, ते पॉलियुरेथेनच आहे आणि तसंच सोलतं. मेमरी फोम डोक्याच्या आकाराला छान बसतो, मात्र थंडीत सुरुवातीची दोन-तीन मिनिटं कडक लागतो आणि तोवर बास थोडा गळतो. जेल जड असतं. लांब बैठकीला मानेवर येतं.

काय काय साहित्य लागतं?

पॅडची जोडी. आईस्क्रीमची लाकडी काडी किंवा गिटारचं पिक. मुदत संपलेलं प्लास्टिकचं एटीएम कार्ड, चिप नसलेला कोपरा वापरायचा. रंगकामाची कागदी चिकटपट्टी. मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर. सुती फडकं, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरणीसारखे कापसाचे बोळे. आणि ड्रायव्हर झाकायला जाड कागदाच्या दोन चकत्या.

लोखंडी पेचकस, ब्लेड, टाचणी ड्रायव्हरजवळ नकोच. ड्रायव्हरमध्ये जोरदार चुंबक असतो. अवजार हातातून ओढलं जाऊन ड्रायव्हरच्या थरथरून आवाज करणाऱ्या पातळ पडद्यात घुसतं, किंवा लोखंडाचा बारीक कीस पडद्याला जाऊन चिकटतो आणि मग कायमची करकर सुरू होते. टेबलावर स्टेपलरच्या पिना पडल्या असतील तर आधी झाडून घ्या.

जुना पॅड कसा काढायचा?

वायर उपकरणातून काढा. वाटीचं तोंड खाली, जमिनीकडे ठेवून काम करा, म्हणजे पापुद्रे ड्रायव्हरवर न पडता टेबलावर पडतील. हे छोटं वाटतं, पण नंतरच्या निम्म्या तक्रारी यानेच टळतात.

अंगठ्याने पॅड बाहेरच्या कडेपासून आत ढकला, झालर दिसली की तिच्याखाली लाकडी काडी सरकवा आणि काडी कडेने गोल फिरवत न्या. एका जागी झटका देऊन ओढू नका. जुनी झालर प्लेटला चिकटलेली असते, झटक्यात फाटते आणि निम्मा भाग खाचेतच राहतो. राहिलाच तर चिमट्याने नाही, काडीने उकरून काढा. खाचेत जुन्या झालरीचा तुकडा राहिला तर नवी झालर तिथे नीट बसत नाही आणि बरोबर त्याच जागी हवा गळते.

प्लेटवर काळा चिकट थर राहिलाय. थिनरने पुसू का?

नाही. थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांनी वाटीचं प्लास्टिक विरघळतं. आधी कोरडं काम : ड्रायव्हरवर कागदाची चकती ठेवा आणि कागदी चिकटपट्टीने टिपत टिपत पापुद्रे उचला. पुसू नका, टिपा. मग जे राहील त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून घट्ट पिळलेला बोळा. अल्कोहोल बाटलीतून थेट वाटीवर कधीच ओतायचं नाही, आणि छापील अक्षरांवरून बोळा फिरवायचा नाही, अक्षरं जातात. दहा मिनिटं वाळू द्या.

ड्रायव्हरसमोरचा पातळ फोमही चुरा झालाय. तो काढून टाकला तर चालेल?

चुरा काढायलाच हवा, पण जागा रिकामी ठेवू नका. ती चकती धूळ आणि केस अडवते, शिवाय वरचे स्वर थोडे मऊ करते. ती नसताना हेडफोन जास्त तीक्ष्ण वाजतो. पुष्कळ पॅडच्या जोडीसोबत नव्या चकत्या येतात. नसतील तर त्याच जाडीचा, आरपार श्वास जाईल असा मोकळ्या छिद्रांचा फोम कापून घ्या. तोंडाला लावून फुंकर मारून पाहा : सहज गेली पाहिजे. पॅकिंगचा बंद छिद्रांचा फोम लावला तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. चकती गोंदाने चिकटवायची नाही, पॅडच तिला धरून ठेवतो.

आता मुख्य : नवा झालरीचा पॅड कसा बसवायचा?

सगळे अडकतात ते इथे. पॅड मधोमध ठेवून चारी बाजूंनी एकदम ताणायला गेलात की एक बाजू बसवताना दुसरी सुटते. पद्धत अशी :

आधी पॅड मऊ करा. पाच मिनिटं उन्हात ठेवा किंवा केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट द्या. थंड रेक्झिन ताणत नाही, फाटतं.

पॅडला दिशा आहे का ते पाहा. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने पातळ असा तिरपा पॅड असेल तर जाड बाजू कानाच्या मागे. लांबट पॅडची लांबी उभी. आतल्या कापडावर डावं-उजवं छापलं असेल तर तेही बघा. शिवणीचा जोड खाली ठेवा, गळ्याच्या दिशेला. तिथे ताण कमी येतो.

फोमची चकती प्लेटवर ठेवा. झालरीचा वरचा भाग, घड्याळात दहा ते दोनच्या मधला, खाचेत अडकवा आणि डाव्या अंगठ्याने तिथेच दाबून धरा. उजव्या हाताने झालर थोडी थोडी बाहेर ओढून कडेवरून सोडत दोनवरून चारपर्यंत या. मग अंगठा बदलून दहावरून आठपर्यंत. खालचा तुकडा राहील आणि तो सर्वांत घट्ट असेल. तिथे एटीएम कार्डाचा गोल कोपरा झालरीच्या आत घाला, कार्डावर झालर चढवा, आणि कार्ड कडेने सरकवत बाहेर काढा. कार्ड पुढे जातं तशी झालर मागे खाचेत पडत जाते. बूट घालताना टाचेला पट्टी लावतात, तसंच.

दुसरी पद्धत एम५०सारख्या हट्टी पॅडसाठी. झालरीचा दोन-तीन सेंटिमीटर भाग खाचेत बसवा, आणि मग ताणण्याऐवजी पूर्ण पॅडच गोल फिरवा, बरणीचं झाकण लावल्यासारखा. बसलेला भाग खाचेतून सरकत जातो आणि मागची झालर आपोआप आत ओढली जाते. एक पूर्ण फेरा झाला की पॅड बसलेला असतो. शेवटी शिवण हवी तिथे येईपर्यंत थोडा आणखी फिरवा.

शेवटी कडेने नखाने तपासा. कुठे झालर दुमडून फुगलेली, कुठे प्लेटची कड उघडी दिसत असेल तर तेवढाच भाग काडीने नीट करा. पॅड वाटीवर सपाट बसला पाहिजे, एका बाजूला उचललेला नको. पहिल्यांदा एका पॅडला दहा मिनिटं लागतील, दुसऱ्याला चार.

झालर बसवताना शिवणीजवळ फाटली. फेविक्विक लावू?

फेविक्विक नको. ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि त्याच्या वाफेने आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडतात. एक-दोन सेंटिमीटरची फाट असेल तर पॅड काढा, रंग जुळणाऱ्या पॉलिस्टर दोऱ्याने बारीक टाके घाला आणि पुन्हा बसवा. दोरा फार घट्ट ओढला तर झालर अरुंद होते आणि पॅड चढत नाही. फाट मोठी असेल तर दुसरा पॅड मागवणं बरं. प्लेटवर दुहेरी चिकटपट्टी लावून पॅड बसवायचा मोह होतो, पण काही हेडफोनमध्ये प्लेटच्या कडेची छोटी भोकं हवेसाठी ठेवलेली असतात. ती झाकली गेली की बास बिघडतो.

एकच पॅड खराब आहे. तेवढाच बदलला तर?

जोडीनेच बदला. नवा पॅड उंच, जुना दबलेला, म्हणजे दोन कानांना दोन वेगळे हेडफोन. आवाजाचा मध्य एका बाजूला सरकतो. मिक्सिंगला तर असा हेडफोन निरुपयोगी.

नवे पॅड लावल्यावर एका बाजूला बास कमी येतोय. ड्रायव्हर गेला का?

बहुतेक वेळा नाही. या क्रमाने शोधा.

फोनवर टोन वाजवणारं साधं अॅप घ्या, ५० हर्ट्झ, कमी आवाजात. कमी येणारी वाटी हलकी दाबा. बास भरून आला तर गळती आहे : झालर दुमडलेली, खाचेत जुना तुकडा, किंवा पॅड जबड्याच्या खोबणीवर नीट टेकत नाही. डोक्यावरची पट्टी एक खाच वरखाली करून पाहा.

फरक पडला नाही तर हेडफोन उलटा घाला, डावी वाटी उजव्या कानाला. कमीपणा वाटीबरोबर दुसऱ्या कानाला गेला तर दोष हेडफोनमध्ये किंवा वायरीत. त्याच कानाला राहिला तर तुमच्या चेहऱ्याची ठेवण किंवा तो कानच कारण आहे. दोष हेडफोनमध्ये निघाला तर दोन्ही पॅड आपसांत बदला. कमीपणा पॅडबरोबर फिरला तर पॅड सदोष. पॅड बदलूनही त्याच वाटीत राहिला, तर मग वायर, जोड आणि ड्रायव्हर तपासायचे. डीटी ९९० किंवा एचडी ६००सारख्या उघड्या पाठीच्या हेडफोनवर दाबून बघायची पहिली चाचणी फारसं सांगत नाही, त्यांच्यासाठी थेट अदलाबदलीवर या.

नवे पॅड, आणि खालच्या स्वरांवर खर्रखर्र. आधी नव्हती.

केस. डोक्यावरचा बारीक केस किंवा पॅडचा पापुद्रा जाळीतून आत गेला आणि पडद्याला टेकतोय. कमी आवाजात २० ते २०० हर्ट्झ हळूहळू चढवत न्या. ठरावीक एक-दोन ठिकाणीच खरखर आली तर निदान पक्कं. पॅड काढा, वाटी उलटी धरून पाठीवर बोटाने टिचक्या मारा, मग रबरी ब्लोअरने तिरकी, हलकी हवा मारा. जाळीच्या भोकातून केसाचं टोक दिसत असेल तर चिकटपट्टीच्या टोकाने टिपून उचला. व्हॅक्यूम क्लीनर आणि दाबाच्या हवेचा डबा दोन्ही वर्ज्य. पडदा कागदापेक्षा पातळ असतो, खेचला किंवा दाबला की सुरकुततो. तोंडाने फुंकूही नका, थुंकीचे कण जातात.

वेगळा प्रकार : हेडफोन डोक्यावर चढवताना, आवाज बंद असतानाही 'कड्' असा आवाज येतो. नवा पॅड जास्त हवाबंद असल्यामुळे आतली हवा दाबली जाऊन पडदा क्षणभर वळतो. वाटी आधी मागच्या बाजूने टेकवून मग पुढची बाजू टेकवली की थांबतो.

पॅड धुता येतात का?

वेलूर, आणि तोही कोमट पाण्यात साबणाच्या दोन थेंबांनी, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत पूर्ण दोन दिवस वाळवायचा. आत ओल राहिली की वास येतो आणि स्पंज लवकर जातो. पावसाळ्यात धुवू नका. रेक्झिन कधीच धुवायचं नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं.

नवे पॅड जास्त टिकावेत म्हणून काय करावं?

काम झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने एक हात. सॅनिटायझर लावलेले हात पूर्ण वाळल्याशिवाय पॅडला नकोत. केसांना तेल असेल त्या दिवशी पॅडवर पातळ कापडी आवरण चढवा, पण मिक्सिंगच्या वेळी ते काढा, कारण त्यानेही वरचे स्वर दबतात. हेडफोन टेबलावर वाट्या दाबून ठेवू नका, खुंटीवर टांगा. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. दाणे रंग बदलतात ते घ्या, म्हणजे कधी वाळवायचे ते कळतं. बंद गाडीत उन्हाळ्यात एक दुपार ठेवलेला हेडफोन वर्षभराचं आयुष्य गमावतो असं समजा.

सुट्या पॅडचा साठा करून ठेवू का?

रेक्झिनचा नको. पिशवीत बंद असतानाही वर सांगितलेली मोडतोड चालूच राहते. एक जोडी पुढे असू द्या, त्यापेक्षा जास्त नाही. वेलूर त्या मानाने टिकतो. विकत घेतानाही हेच पाहा : वर्षानुवर्षं दुकानात पडून असलेली 'जुनी मूळ' जोडी स्वस्त वाटते, पण पॅड उघडून दुमडून पाहा. दुमडीवर बारीक रेषा उमटली आणि गेली नाही, तर परत द्या.

पॅड मिळतील कुठे?

मूळ पॅड कंपनीच्या अधिकृत वितरकाकडे सुटा भाग म्हणून मागवता येतात, त्यासाठी मॉडेलचं पूर्ण नाव आणि पॅडचा क्रमांक द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं इथे प्रामुख्याने जुळणारे, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे पॅड मिळतात. तिथे जाताना हेडफोन बरोबर न्या आणि पॅड दुकानातच चढवून बघा. ऑनलाइन घेताना 'सर्व मॉडेलना चालणारा' असं लिहिलेला पॅड टाळा.

हेडबँडचं रेक्झिनही गेलंय. त्याचं काय?

त्याचा आवाजाशी संबंध नाही, त्यामुळे तिथे मोकळेपणाने जुगाड करा. चेन असलेलं कापडी आवरण चढवणं सर्वांत सोपं. डीटी ७७०च्या हेडबँडची गादी बटणांनी उघडते आणि सुटी मिळते. ७५०६च्या पट्टीतून वायर जाते, त्यामुळे तिथे कात्री लावण्यापेक्षा वरून आवरणच बरं.